मोटरहोमसाठी स्वस्तातला मांडव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवलेली मोटरहोम धरली आहे, लांबी साधारण २३ फूट, रुंदी ७ फूट, छतावरचा एसी धरून उंची साडेनऊ फूट. तुमची लहान-मोठी असेल तर आकडे त्या हिशोबाने बदला. जागा म्हणजे घराशेजारचा किंवा गावाकडचा मोकळा प्लॉट. हवा महाराष्ट्राची, म्हणजे आठ महिने ऊन, चार महिने पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक येणारं वळवाचं वादळ, जे सगळ्यात जास्त मांडव पाडतं.

मांडव कशाला, कव्हर घातलं की झालं ना?

कव्हर चार दिवसांसाठी ठीक आहे हो. पण वाऱ्याने ते गाडीवर घासत राहतं, त्याखाली धूळ असतेच, आणि मग छताच्या कडा, एसीचं झाकण, खिडक्यांच्या कोपऱ्यांवर पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. पावसाळ्यात तर कव्हरखाली दमट हवा कोंडते आणि आत गाद्यांना, प्लायला बुरशी धरते. मांडवाचा फायदा हाच की सावली मिळते आणि हवा खेळती राहते. उन्हाने मोटरहोमचं जे नुकसान होतं ते हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही, छतावरच्या व्हेंट आणि जॉइंटभोवतीचा सीलंट तडकतो, फायबरचं छत पांढुरकं पडून हाताला पावडर लागते, टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडतात. मग पहिल्या पावसात पाणी आत येतं आणि आपण पावसाला शिव्या देतो, खरं काम मे महिन्यातच झालेलं असतं.

मग सरळ पत्र्याची शेडच का नको?

जागा स्वतःची, परवानगी आहे आणि पैसे आहेत तर जरूर करा. पण स्वस्तात करायचं असेल तर माझं मत असं की सांगाडा पक्का करा आणि वरचं कापड ऋतूप्रमाणे बदला. उन्हाळ्यात शेडनेट, पावसाळ्यात ताडपत्री. पत्रा एकदा ठोकला की वादळाच्या दिवशी तो काढता येत नाही, ताडपत्री दहा मिनिटांत सोडता येते. आणि बजेट ठरवताना लोक सगळे पैसे छपरात घालतात, पायात काही घालत नाहीत. उलटं करा. छप्पर स्वस्तातलं चालेल, फाटलं तर बदलता येतं. पाया कच्चा असला तर छप्पर कितीही भारी असू दे, जाणारच.

माप किती ठेवायचं?

रुंदी १२ फूट, लांबी २६ फूट. गाडीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळे राहतात, दार उघडून माणूस नीट उतरू शकतो. उंची मोजताना कंपनीच्या कागदावरची उंची धरू नका, एसी, सोलर पॅनल, अँटेना सगळं धरून स्वतः टेप लावून मोजा. त्यावर किमान दीड फूट हवा सोडा, म्हणजे खालची बाजू ११ फूट आणि वरची साडेबारा फूट. एका बाजूला उतार, बस. दोन पाखी छप्पर दिसतं छान, पण मध्ये जोड, जास्त पाइप, जास्त मजुरी, आणि स्वस्तातल्या मांडवाला त्याची काही गरज नाही.

हो, एक गोष्ट राहिली, दीड फूट हवा फक्त गाडी आत जायला नाही, छतावर चढून साफ करायला, सीलंट बघायलाही लागते. पत्रा टाकणार असाल तर तापलेल्या पत्र्याची धग खाली येते, तिथे दोन फूट सोडलेत तर आणखी बरं.

गाडी कोणत्या दिशेला लावायची?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण फुकटात सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. म्हणून उताराची खालची बाजू पश्चिमेला ठेवा, वारा चढावर घासून जातो. उंच उघडी बाजू पश्चिमेला ठेवली तर वारा थेट छपराखाली शिरतो, झडही आत येते, दोन्हीकडून नुकसान. म्हणजे गाडी उत्तर-दक्षिण लावायची.

उन्हाचं गणित जरा मजेशीर आहे. पुण्यात १३ मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यामुळे छपराची सावली सरळ गाडीवर. पण डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशावर असतो, ११ फूट उंचीवरच्या छपराची सावली जवळजवळ १० फूट उत्तरेला सरकते. गाडी पूर्व-पश्चिम लावली असेल तर तिची अख्खी दक्षिण बाजू हिवाळाभर उन्हात. उत्तर-दक्षिण लावली की दक्षिणेला फक्त तोंड किंवा पाठ येते. पूर्ण सुटका मात्र नाही, कारण मे महिन्यात चार वाजताचं पश्चिमेचं ऊन इतकं तिरकं असतं की गाडीबाहेर आलेल्या अडीच फुटाच्या छपराने गाडीचा वरचा फूटभरसुद्धा झाकला जात नाही. त्यासाठी पश्चिमेला शेडनेटचा पडदा लावाच, छपराइतकाच महत्त्वाचा आहे.

वाऱ्याने उडेल का?

उडू शकतो, आणि इथेच सगळा खेळ आहे, म्हणून उत्तर जरा लांब.

लोकांना वाटतं वारा मांडव ढकलतो. ढकलतो तर खराच, पण त्याहून वाईट म्हणजे उचलतो. हिशोब सोपा आहे, वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, न्यूटनमध्ये दर चौरस मीटरचा दाब मिळतो. ताशी ९० किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २५ मीटर, दाब ३७५ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३८ किलो. आपलं छप्पर २९ चौरस मीटर. गुणलं की ११०० किलो. उतार, उघड्या बाजू यांनी तो आकडा खाली-वर होतो पण ढोबळमानाने एक टन वर ओढतोय असं धरा. आणि मांडवाचं स्वतःचं वजन? सव्वादोनशे किलो. उरलेलं कोण धरणार? खड्ड्यातलं काँक्रीट.

दीड बाय दीड फूट आणि दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण ३०० किलोचा होतो. सहा खांबांचे सहा, १८०० किलो. ताशी ९० ला पुरून उरतं. एवढ्या काँक्रीटला १:२:४ मिश्रणाने (सिमेंट, वाळू, खडी) सिमेंटच्या पाच गोण्या लागतात, फक्त पाच. यात कंजूषपणा करणाऱ्याला काय म्हणावं.

आता भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय आणि मुंबई, नागपूरसाठी ४४. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तेवढ्या वाऱ्यात याच छपरावर अडीच टनांच्या वर ओढ येते, आपले ठोकळे हरतात. म्हणूनच कापड असं बांधायचं की मोठ्या वादळात दोरी तुटावी, कापड सुटावं, खांब जागेवर राहावेत. आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर कापड आधीच उतरवायचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा घरांचे पत्रे उडालेले सगळ्यांनी पाहिलेत, तिथे आपल्या मांडवाची काय कथा.

काळी माती आहे, खड्डा किती खोल?

मुरूम लागेपर्यंत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दोन वर्षांत खांब तिरके होतात. मुरूम तीन फुटांवर लागला तर तीन फूट जा. काँक्रीट जमिनीच्या वर चार इंच आणा आणि वरून उतार द्या, पाणी खांबाच्या बुडाशी थांबलं की पाइप तिथूनच सडतो.

जागा भाड्याची आहे, मालक खणू देत नाही, मग?

२०० लिटरचा रिकामा ड्रम घ्या, अर्धा कापा, मधोमध खांबाचा तुकडा उभा करून काँक्रीट भरा, एक अर्धा ड्रम २४० किलोच्या आसपास होतो. सहा ड्रम, साडेचौदाशे किलो. जागा सोडताना क्रेन किंवा जेसीबी लागेल तेवढंच. पाण्याने भरलेले पूर्ण ड्रमही काही लोक ठेवतात पण ते २०० किलोच, आणि उन्हाळ्यात कोणीतरी त्यातलं पाणी झाडांना घालतंच. वाळूच्या गोण्या फक्त शेडनेटपुरत्या ठीक, जाळीतून वारा बराच निघून जातो. ताडपत्री टाकणार असाल तर गोण्यांच्या भरवशावर राहू नका.

दोऱ्या गाडीलाच बांधल्या तर? गाडी तर साडेतीन-चार टनांची आहे.

नको. दोरी गाडीला घासते, मांडव हलला की आरसा नाहीतर पॅनल घेऊन जातो, आणि घाईत गाडी काढताना एक दोरी विसरणारा माणूस प्रत्येक घरात असतो.

पाइप कोणता घ्यायचा?

खांब आणि लांबीचे आडवे पाइप ५० बाय ५० मिलिमीटर एमएस (साधं पोलाद) चौकोनी, २ मिलिमीटर जाडीचे. वरचे १२ फुटी आडवे ४० बाय ४०, तेही २ मिलिमीटर. दुकानदार १६ गेज (जाडीचं माप) दाखवेल, ती १.६ मिलिमीटर असते, हातात घेतली की हलकी लागते, खांबाला घेऊ नका. पाइप २० फुटाचा येतो आणि किलोवर मिळतो. ५० बाय ५० मीटरला ३ किलो भरतो, ४० बाय ४० सुमारे २.४ किलो.

आपल्या मापाला सहा खांब (तीन ११ फुटी, तीन साडेबारा फुटी), दोन लांब बाजूंना २६-२६ फूट, वर सात आडवे, आणि तिरप्या आधारांना पन्नासेक फूट. सगळं मिळून बेस प्लेट (खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाट्या) धरून २२० किलोच्या आसपास. पत्रा टाकायचा तर त्याखाली लांबीचे चार पर्लिन (पत्रा ठोकायचे आडवे पाइप) वाढतात आणि प्रत्येक बाजूला तीनऐवजी चार खांब घ्यावे लागतात, मग आकडा ३२० पर्यंत जातो. फॅब्रिकेटरला भाव विचारताना "शेड केवढ्याला" असं विचारू नका, "मजुरीसकट किलोला किती आणि कटिंगचं वेस्टेज कोणाचं" असं विचारा, समोरचा माणूस लगेच नीट बोलायला लागतो. वजनकाट्याची पावती घ्या.

तिरपे आधार खरंच लागतात का? मध्ये येतात.

लागतात. चार खांब आणि वर चौकट एवढंच असेल तर वाऱ्यात अख्खा मांडव एका बाजूला झुकतो, वेल्डिंग कितीही चांगलं असू दे. खांब आणि आडव्या पाइपच्या कोपऱ्यात दोन फूट खाली आणि दोन फूट आत येतील असे तिरपे तुकडे मारा. खांबावर ते ९ फुटांवर सुरू होतात आणि दोन फूट आत जाईपर्यंत ११ फुटांवर पोचलेले असतात, आपली गाडी अडीच फूट आत आहे, म्हणजे एसीला लागत नाही. ज्या बाजूला गाडीचं दार नाही त्या बाजूच्या एका गाळ्यात खालपासून वरपर्यंत फुली मारा, जाड तार आणि टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) वापरलं तरी चालतं.

वेल्डिंग करू की क्लॅम्पवर जोडू?

कोकणात, समुद्राजवळ असाल किंवा पुढेमागे हलवायचं असेल तर क्लॅम्प. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो आणि बांधकामाच्या परांचीचे, म्हणजे स्कॅफोल्डिंगचे क्लॅम्प त्याच मापाचे असतात, बरोबर बसतात. एक काटकोनातला आणि एक फिरणारा असे दोन प्रकार मिळतात, तिरप्या आधारांना फिरणारा. जीआय महाग पडतो पण गंज उशिरा धरतो. जीआयवर वेल्डिंग केलंत तर तिथलं जस्त जळतं, त्याचा धूर छातीत घ्यायचा नाही, आणि जोडावर झिंकचा रंग मारायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू.

घाटावर कोरड्या हवेत एमएस आणि वेल्डिंग पुरेसं. रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा प्रायमर) एक हात, वर ऑइल पेंटचे दोन हात. फॅब्रिकेटर वेल्डिंगवरचा काळा थर न काढता रंग मारून मोकळा होतो, त्याच्याकडून आधी वायर ब्रश मारून घ्या, समोर उभं राहून.

खांब सरळ आणि कोन बरोबर कसा आणायचा?

गवंडी करतो तसंच. एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्यावर ४ फूट खूण, तिरकं अंतर ५ फूट आलं की काटकोन. मोठ्या मापाला ६, ८, १० घ्या, चूक कमी होते. सगळे खड्डे झाले की दोन्ही कर्ण मोजा, १२ बाय २६ चा कर्ण साधारण २८ फूट ८ इंच येतो, दोन्ही सारखे आले पाहिजेत. उंचीची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून घ्या, खांबाला ओळंबा लावा. इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट काँक्रीटमध्ये रोवताना बेस प्लेटच वरून बसवून ठेवा, नाहीतर काँक्रीट सुकल्यावर भोकं जुळत नाहीत आणि मग हातोडा चालतो.

भंगारातले किंवा पॉलिहाउसचे जुने पाइप चालतील?

उत्तम चालतात. नाशिक, सांगली, पुणे जिल्ह्यात वादळात पडलेली पॉलिहाउस, शेडनेट हाउस शेतकरी विकून टाकतात, त्याचे जीआय पाइप चांगले असतात. वाकलेला पाइप खांबाला घेऊ नका, एकदा मुडपलेला पाइप सरळ केला तरी तिथेच परत मुडपतो. टोकाकडून आत टॉर्च मारून बघा, बाहेरून चकचकीत आणि आतून पापुद्रे सुटलेले असे बरेच असतात. मंडप डेकोरेटरवालेही जुना माल काढतात, गणपती-नवरात्र संपल्यावर विचारा.

बांबूचा नाही का करता येणार?

येतो की. कोकणात पावसाळा संपला की अंगणात मांडव घालायची आणि पावसाआधी उतरवायची पद्धत आहेच, वर माडाच्या झावळ्या. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याचे खांब चांगले होतात. पण मातीत रोवलेला बांबू एक-दोन पावसाळ्यांत खालून कुजतो, म्हणून काँक्रीटमध्ये पाइपचा तुकडा बसवून त्यात बांबू उभा करा, बोल्ट मारा. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात प्रक्रिया केलेला घ्या, नाहीतर भुंगा लागून पिवळी भुकटी पडायला लागते. झावळ्या मात्र गाडीवर नकोत, कचरा पडतो, विंचू-उंदीर राहायला येतात, आणि खाली गॅस सिलेंडर असलेली गाडी आहे हे विसरू नका.

वर काय टाकू?

ऑक्टोबर ते मे शेडनेट. ७५ टक्क्यांची घ्या, ९० ची अंधार करते आणि वाराही जास्त धरते. यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हात टिकणारी) लिहिलेलीच घ्यायची, स्वस्त वाली दुसऱ्या उन्हाळ्यात हातात चुरा होते. पाऊस ती अडवत नाही, हे सांगायला नको पण लोक विचारतात.

पावसाळ्यात ताडपत्री. जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. बाजारातली पातळ निळी शंभरच्या आतबाहेर असते, एका हंगामात संपते, २०० ते २५० वाली घ्या. रंग शक्यतो फिका. माप छपरापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त.

पॉलिहाउसची फिल्म २०० मायक्रॉनची मिळते, टिकते छान, पण ती मुळात ऊन आत घ्यायलाच बनवलेली आहे, त्याखाली गाडी भाजून निघते. वापरायची तर वर शेडनेट हवीच.

आणि फ्लेक्स. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे जुने फ्लेक्स फुकटात मिळतात, जाड असतात, एक पावसाळा निघतो. उन्हात कडक होऊन घडीवर तडकतात. शिवाय छापील बाजू खाली केली तर गाडीच्या छतावर चढल्यावर साहेब हात जोडून समोर, त्यामुळे छापील बाजू वर करावी असा माझा सल्ला, पाहू दे विमानवाल्यांना.

ताडपत्रीत पाणी साचून पोट सुटतं, काय करू?

दोन कारणं, उतार कमी आणि खाली आधार नाही. १२ फुटाला दीड फूट उतार पत्र्याला भरपूर, ताडपत्रीला जेमतेम. म्हणून आडव्या पाइपांच्या मध्ये, लांबीच्या दिशेने दर फूट-दीड फुटावर द्राक्षबागेला वापरतात ती जीआय तार ताणून घ्या. तारेवर ताडपत्री बसते, झोळ पडत नाही. तारेची टोकं आतल्या बाजूला वळवा, नाहीतर कापडाला भोक. एका चौरस मीटरवर दोन इंच पाणी साचलं तर ते ५० किलो असतं आणि एकदा खड्डा झाला की तो वाढतच जातो, पाणीच पाण्याला जागा करून देतं. २५ मिलिमीटर पाऊस पडला की या छपरावरून सातशे लिटरच्या वर पाणी उतरतं, ते सगळं पश्चिमेच्या खांबांच्या बुडाशी पडणार, म्हणून तिथे अर्धा पीव्हीसी पाइप पन्हळ म्हणून लावा किंवा निदान खडी टाकून चर काढा.

कापड बांधायचं कसं?

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पंक्चरवाल्याकडे पोत्याने मिळतात. इंचभर रुंदीची पट्टी कापायची, ताडपत्रीच्या रिंगमधून ओवायची, पाइपला दोन वेढे देऊन ताणून गाठ मारायची. वाऱ्याच्या झोतात रबर ताणतं, परत येतं, रिंग फाटत नाही, आणि फारच जोर आला तर पट्टी तुटते, कापड फडफडतं पण खांब वाचतो. नायलॉनची दोरी ताणून बांधली तर आधी रिंग उपटते मग कापड चिरत जातं. तारेने तर कधीच बांधू नका. पट्ट्या दरवर्षी मे अखेरीस नव्या लावा, उन्हात रबराला चिरा पडतात, बोटाने ताणलं की दिसतं. पाइपच्या कडा जिथे कापडाला लागतात तिथे ट्यूबचाच तुकडा गुंडाळा.

ऑनलाइन मिळतात ते घडीचे गझिबो कसे?

दुपारच्या चहाला छान. आमच्या प्लॉटशेजारी एकाने मेमध्ये तसला उभा केला होता, खाली खिळे ठोकून, वळवाचा पहिला झोत आला आणि तो चारी पाय वर करून शेजारच्या उसात. उंचीही बहुतेकांची मोटरहोमला पुरत नाही, हे आधी बघा.

मांडवाखाली सोलर पॅनल चार्ज करेल का?

नाही. पॅनलला थोडी सावलीही फार खाते, शेडनेटखाली तर नावापुरतं चार्जिंग. तीन मार्ग आहेत. एक, पॅनल गाडीवरून काढता येत असेल तर मांडवाच्या दक्षिणेकडच्या टोकाला फ्रेमवर बसवा, केबल गाडीपर्यंत आणा. दोन, गाडी उभी असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्ध्या चार्जवर ठेवून बंद केली तर ती महिनोन्‌महिने आरामात राहते, लेड अ‍ॅसिड मात्र फुल चार्ज ठेवावी लागते आणि महिन्याला एकदा चार्जर. तीन, घरातून लाइन घ्या. पॅनलच्या डोक्यावरचं कापड तेवढं कापून ठेवणारे पण आहेत, मग सावलीचा आणि पाऊस थांबवण्याचा दोन्हीचा बट्ट्याबोळ.

घरातून वीज घेताना काय बघायचं?

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, मांडवाच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवं, आणि केबल जमिनीवरून ओल्या गवतातून न नेता पाइपमधून न्या. सांगाडा उभा करताना वर महावितरणची लाइन आहे का ते आधी बघा. २० फुटी पाइप उभा करताना मागचं टोक कुठे चाललंय कोणी बघत नाही. लाइनखाली मांडव नकोच, दुसरी जागा शोधा.

जनरेटर किंवा गाडीचं इंजिन पडदे पाडून मांडवात चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

खाली जमीन कशी असावी?

मुरूम आणि वर खडी, सभोवतालपेक्षा चार-सहा इंच उंच. चाकांखाली पेवर ब्लॉक किंवा जाड फळ्या. मातीवर उभी केलेली गाडी पावसाळ्यात खालून सतत ओल खाते, चासीला गंज वरच्या पावसाने कमी आणि खालच्या वाफेने जास्त लागतो. गवत वाढू देऊ नका, उंदीर तिथूनच वर चढतात आणि वायरिंग खातात.

परवानगी लागते का?

काँक्रीटचे पाय आणि पत्रा म्हणजे बांधकाम धरलं जाऊ शकतं, ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका जे काही असेल तिथे विचारून घ्या. २०२० पासून मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, त्यात प्लॉटच्या कडेला किती जागा मोकळी सोडायची ते ठरलेलं असतं, आणि लोक मांडव नेमका त्याच मोकळ्या जागेत घालतात. २०२१ चं राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण कोणी पुढे केलं तर ते पर्यटनाच्या धंद्यासाठी आहे, तुमच्या अंगणातल्या शेडला त्याचा उपयोग नाही. सोसायटीत असाल तर लेखी परवानगी, तोंडी "काही हरकत नाही" पुढच्या कमिटीला लागू होत नाही.

एकूण खर्च किती येईल?

स्टीलचा भाव रोज बदलतो म्हणून वजनाने हिशोब करा. किलोला ७० रुपये धरले तर २२० किलोचे १५,४०० रुपये, त्यावर मजुरी. सिमेंट पाच गोण्या, खडी, वाळू. शेडनेट छपराला २९ चौरस मीटर आणि पश्चिमेच्या पडद्याला साधारण २५. ताडपत्री १६ बाय ३० फुटाची एक. रंग, तार, बोल्ट. जुने पाइप मिळाले तर पहिला आकडा बराच खाली येतो. ज्यात वाचवू नये त्या दोन गोष्टी म्हणजे काँक्रीट आणि खांबाच्या पाइपची जाडी, बाकी सगळीकडे घासाघीस करा.

पडदा पावसाळ्यात ठेवू का?

छपरावरची शेडनेट काढा, पश्चिमेचा पडदा राहू द्या, झड बरीच अडते. खालून दोन फूट उघडा ठेवा. आत गाडीचे छतावरचे व्हेंट थोडे उघडे, गाद्या उभ्या, कपाटांची दारं उघडी, फ्रिजचं दार फडकं अडकवून किंचित उघडं.

माकडं जाळी फाडतात, काही उपाय?

छपराच्या कडेला बसायला सोयीचा आडवा पाइप बाहेर सोडू नका, जाळी पाइपच्या खालून ताणून बांधा. झाडाची फांदी छपरावर आलेली असेल तर छाटा. तरी येतातच, जाळीचा एक जास्तीचा तुकडा आणि मासे पकडायच्या जाळ्याचा दोरा घरात ठेवा, फाटलं की त्याच संध्याकाळी शिवून टाका, भोक मोठं व्हायच्या आत.